कोलेस्टेरॉल आणि रक्तातली प्रथिनं : तरुण मुलींनी तपासणी कधी करावी, रिपोर्ट कसा वाचावा

विशी-तिशीतल्या मुलींच्या रिपोर्टमधली एकच ओळ घरात वाचली जाते, एकूण कोलेस्टेरॉलची. आकडा दोनशेच्या आत असला की कागद कपाटात जातो. बाहेर गेला की जेवणातलं तेल-तूप बंद होतं आणि पोरीच्या मागे सगळे लागतात. दोन्ही वेळा चूक होऊ शकते. चयापचय बिघडू लागलं की तरुण वयात बहुधा ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतं, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) उतरतं, आणि एकूण आकडा मात्र बरीच वर्षं जागचा हलत नाही. त्याच कागदावर खाली अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं), एचबीए१सी (साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन) असतात. ही सगळी प्रथिनांची खबर, पण ती बघितलीच जात नाही.

दुसरी अडचण त्याच्याही आधीची. पुष्कळ आकडे चुकीच्या दिवशी, चुकीच्या तयारीनं दिलेल्या रक्तामुळे चुकतात, मशीनमुळे नाही. म्हणून खालचे टप्पे क्रमानंच घ्या. पहिले चार नीट झाले नाहीत तर पुढच्या वाचनाला अर्थ उरत नाही.

## टप्पा १ : सुईच्या आधी एक कागद लिहा

प्रयोगशाळेत नाव आणि वय एवढंच विचारतात. बाकीचं तुम्हालाच लिहून न्यावं लागतं, कारण डॉक्टरांना रिपोर्टचा अर्थ त्यावरूनच लावता येतो.

कमरेचा घेर घरीच मोजा. शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कुल्ह्याचं हाड यांच्या मधोमध, कपड्याच्या आतून, टेप आडवी धरा. श्वास सहज सोडल्यावर आकडा बघा. पोट आत ओढू नका, आणि सलवारची नाडी किंवा परकर जिथे बांधता तिथे मोजू नका. ती जागा खाली असते. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. वजन आणि उंचीही लिहा. भारतीय शरीरासाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. पाश्चात्त्य तक्त्यातले २५ आणि ३० आपल्याला लागू नाहीत.

मग घरचा इतिहास. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला का? मधुमेह, थायरॉईड, मूत्रपिंडाचा आजार कुणाला आहे? माहेरच्या दोन्ही बाजू विचारा. सासरचा इतिहास इथे उपयोगाचा नाही, तरी नवी नवरी बऱ्याचदा तोच सांगून मोकळी होते.

शेवटी औषधं. हा भाग सगळ्यात जास्त लपवला जातो आणि आकडे सगळ्यात जास्त यानंच बदलतात. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेननं ट्रायग्लिसराइड आणि सीआरपी वाढतं. कानबाईच्या सणाला किंवा लग्नाला अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर एचडीएल खाली येऊ शकतं. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइननं ट्रायग्लिसराइड बरंच चढतं. केसांसाठी घेतलेल्या जास्त ताकदीच्या बायोटिननं थायरॉईडसारख्या संप्रेरकांच्या चाचण्या खोट्या येतात. स्टिरॉइडही लिहा, मग ते दम्याचं असो की गावातल्या दवाखान्यात अंगदुखीसाठी मिळालेली ‘ताकदीची’ गोळी असो.

सावध : रिपोर्ट चांगला यावा म्हणून डॉक्टरांना न विचारता कुठलीही चालू गोळी थांबवू नका. बायोटिन मात्र दोन-तीन दिवस आधी बंद करता येतं; तेही प्रयोगशाळेत सांगा.

## टप्पा २ : दिवस निवडा

ताप येऊन गेला असेल तर घाई करू नका. डेंग्यू, मलेरिया, साधा व्हायरल, कशातही यकृत आपलं काम बदलतं. सीआरपी भरपूर बनतं, अल्ब्युमिन कमी बनतं, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि एचडीएल उतरतात, ट्रायग्लिसराइड चढतं. त्या आठवड्यातलं ‘छान’ कोलेस्टेरॉल हे आजारपणाचं कोलेस्टेरॉल असतं. साध्या आजारानंतर दोन-तीन आठवडे थांबा. मोठा आजार किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन-तीन महिने. दाढ सुजली असेल, गळू झालं असेल तरी सीआरपी त्या दिवशी बघू नका.

पाळीचा हिशेब ठेवा. चक्रात इस्ट्रोजेन वर-खाली होतं, तसं कोलेस्टेरॉलही थोडं हलतं. फरक फार नसतो, पण आकडा सीमारेषेवर असेल तर तेवढ्यानं ‘सामान्य’चं ‘जास्त’ होतं. पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त द्या आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेच दिवस धरा. पीसीओएसमुळे (अंडाशयाच्या संप्रेरकांच्या बिघाडामुळे) पाळीचा नेम नसेल तर कुठलाही दिवस चालेल. फक्त शेवटच्या पाळीची तारीख रिपोर्टवर लिहून ठेवा. लघवीतलं प्रथिन तपासायचं असेल तर पाळीचे दिवस टाळाच. रक्ताचा अंश मिसळला की चाचणी खोटी वाढलेली दाखवते.

पाळी चुकली असेल आणि गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी ती तपासणी करा. गरोदरपणात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतात, आणि रक्तातला पाण्याचा भाग वाढल्यामुळे अल्ब्युमिन कमी दिसतं. ते त्या अवस्थेचं नैसर्गिक चित्र आहे. बाळंतपणानंतर निदान सहा ते आठ आठवडे जाऊ द्या, आणि बाळ अंगावर पीत असेल तर तसं सांगा.

आता सणांचं. आखाजीला माहेरी आलेली मुलगी चार दिवस पुरणपोळी, आमरस, शेव खाऊन पाचव्या दिवशी ‘आलीच आहे तर करून टाकू’ म्हणून रक्त देते. थंडीत मळ्यातल्या भरीत पार्टीच्या दुसऱ्या दिवशीही तेच घडतं. त्या सकाळचं ट्रायग्लिसराइड आदल्या दिवसांचं असतं, वर्षाचं नसतं. उलट चूकही होते : तपासणी आहे म्हणून तीन दिवस नुसती फळं आणि ताक. आधीचा आठवडा जसा नेहमी जेवता तसाच जेवा.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी आदल्या दोन दिवसांत जोराची धाव, उड्या, गोळाफेक थांबवावी. कापूस वेचणीचे, निंदणीचे कष्टाचे दिवस चालू असतील तर तेही टाळा. जास्त श्रमांनी सीआरपी वाढतं आणि ट्रायग्लिसराइड खोटं कमी दिसतं.

तपासून पाहा : ताप नाही, जखम नाही, पाळीची तारीख लिहिलेली, मागचा आठवडा नेहमीसारखा गेला? मगच पुढे.

## टप्पा ३ : काय तपासायचं ते आधी ठरवा

‘फुल बॉडी’ पॅकेज घेऊ नका. त्यात साठ-सत्तर आकडे येतात, त्यातले दोन-चार जरा इकडे-तिकडे असतातच, आणि घरातली झोप जाते. तरुण मुलीच्या चयापचयासाठी एवढं पुरतं : लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), अल्ब्युमिनसह एकूण प्रथिनं (ही यकृताच्या तपासणीत येतात) आणि टीएसएच (थायरॉईडची चाचणी). रक्तदाब त्याच दिवशी मोजून घ्या.

टीएसएच यात का? थायरॉईड मंद असलं की एलडीएल वाढतं, आणि थायरॉईडचे उपचार केले की बऱ्याचदा उतरतं. ते न बघता कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करणं हा उलटा क्रम झाला.

बाकीच्या तपासण्या कारण असेल तरच :

- घरात लवकर हृदयविकार असेल तर लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच एक घातक कण. ते जन्मतः ठरलेलं असतं, खाण्यापिण्यानं फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा पुरे. ५० मिलिग्रॅमच्या वर जास्त.
- ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर अपो-बी. एलडीएलसारख्या प्रत्येक घातक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो, म्हणून कण किती आहेत ते यातून थेट कळतं.
- पीसीओएसची शंका असेल तर डॉक्टर एसएचबीजी सांगतील. यकृतात बनणारं हे प्रथिन इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झालं की कमी होतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते वाढलेलं दिसतं, तेव्हा करण्यात अर्थ नाही.
- सीआरपी बघायचंच असेल तर ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ प्रकार मागा. साधं सीआरपी संसर्गासाठी असतं. हृदयाच्या जोखमीसाठी लागणारे बारीक फरक त्यात दिसत नाहीत.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली लिपिड तपासणी १८ व्या वर्षी, आणि घरात लवकरचा हृदयविकार असेल तर त्याआधी. ‘एवढ्या लहान वयात कशाला’ असं म्हणणाऱ्या आजीला हे शांतपणे सांगा.

## टप्पा ४ : आदली रात्र आणि सकाळ

रात्री आठ-साडेआठला साधं जेवा आणि सकाळी सात-आठला रक्त द्या. दहा ते बारा तास झाले की पुरे. चौदा तासांच्या पुढे ताणू नका. लिपिडच्या पहिल्या तपासणीसाठी हल्ली उपाशी राहणं सक्तीचं मानत नाहीत, पण साखर बरोबर द्यायची असते आणि ट्रायग्लिसराइडही नीट कळायला हवं, म्हणून उपाशीपोटीच जाणं सोयीचं.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक : मंगळवारचा, चतुर्थीचा, नवरात्राचा उपास आहे, म्हणजे तपासणीला चालेल असं समजून साबुदाण्याची खिचडी, केळं किंवा निदान कपभर चहा घेऊन येणं. चालत नाही. दूध-साखरेच्या चहानंही साखर आणि ट्रायग्लिसराइड हलतं. सकाळची मशेरी किंवा तंबाखूही नको.

पाणी मात्र प्या, भरपूर प्या. उपाशी म्हणजे पाणीही नाही, असं समजून मे महिन्यात यावलहून किंवा चोपड्याहून एसटीनं जळगावला कोरड्या घशानं येणाऱ्या मुली असतात. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो. अंगातलं पाणी आटलं की रक्त घट्ट होतं, आणि अल्ब्युमिन, एकूण प्रथिनं, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल सगळंच थोडं फुगलेलं येतं. रक्तक्षय असलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन अशा दिवशी ठीक दिसू शकतं, आणि खरा त्रास झाकला जातो.

सावध : मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल, किंवा गरोदर असाल, तर उपाशी राहण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

## टप्पा ५ : रक्त देताना

पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसा. उभ्यानं फिरताना रक्तातलं पाणी पायांकडच्या ऊतींत उतरतं आणि प्रथिनं, कोलेस्टेरॉल दाट होतात. आडवं झाल्यावर उलट होतं. फरक दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक वेळी बसूनच द्या.

दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त राहू नये. शीर सापडत नसेल तर ‘पट्टा सोडून परत बांधा’ असं म्हणायला संकोच करू नका. मूठ पुनःपुन्हा उघडझाक करू नका.

साखरेसाठी राखाडी झाकणाची, एचबीए१सी आणि सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाची, लिपिड-प्रथिनांसाठी बहुधा पिवळ्या किंवा लाल झाकणाची नळी असते. नळीवर नाव तुमच्यासमोर लिहू द्या. गावातल्या शिबिरात रक्त देत असाल तर नमुने थंड पेटीत जातात का आणि शहरात किती वेळात पोचतात हे विचारा. उन्हात तासन्‌तास जीपमध्ये राहिलेल्या नमुन्याचा भरवसा नाही.

## टप्पा ६ : चरबीचे आकडे या क्रमानं वाचा

सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

पहिलं, ट्रायग्लिसराइड. १५० च्या आत हवं. २०० च्या वर जास्त. ५०० च्या वर असेल तर थांबायचं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

दुसरं, एचडीएल. बायकांसाठी ५० च्या वर हवं. बऱ्याच रिपोर्टवर स्त्री-पुरुष दोघांना मिळून एकच ४० ची मर्यादा छापलेली असते. त्यामुळे ४३ आलेली मुलगी ‘सामान्य’ समजली जाते. ती सामान्य नाही.

तिसरं, नॉन-एचडीएल. छापलेलं नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. १३० च्या आत चांगलं.

चौथं, एलडीएल. १०० च्या आत उत्तम, १३० पासून सीमारेषा, १६० पासून जास्त. बहुतेक ठिकाणी हा आकडा मोजत नाहीत, सूत्रानं काढतात : एकूणमधून एचडीएल वजा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र निकामी होतं. तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा.

एकूण कोलेस्टेरॉल शेवटी बघा. हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. पहिलीचं एकूण १६८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २१०. दुसरीचं एकूण २०६, एचडीएल ७८, ट्रायग्लिसराइड ६५. लाल अक्षर दुसरीच्या एकूण आकड्यावर येतं. पण हिशेब करा : पहिलीचं नॉन-एचडीएल १३४, दुसरीचं १२८. पहिलीचं एलडीएल सूत्रानं ९२ येतं आणि तेही निरागस दिसतं, पण तिचं ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल पडलेलं आहे. इन्शुलिनला शरीर दाद देत नाही तेव्हा चित्र असंच दिसतं. बारीक हातापायांच्या, पण पोट सुटलेल्या आपल्याकडच्या मुलींत हे नेहमीचं आहे. काळजी पहिलीची करायची.

## टप्पा ७ : प्रथिनं वाचा

अल्ब्युमिन साधारण ३.५ ते ५ ग्रॅम. इथला मोठा गैरसमज असा की अल्ब्युमिन कमी म्हणजे डाळ, अंडी कमी खाल्ली. अल्ब्युमिन यकृत बनवतं आणि ते रक्तात सुमारे वीस दिवसांनी निम्मं होतं. ते कमी झालं तर यकृत, मूत्रपिंड किंवा शरीरात कुठेतरी चाललेली सूज यांचा विचार आधी करायचा. प्रथिनांची पावडर घेऊन ते वाढत नाही.

सावध : अल्ब्युमिन बरंच कमी, कोलेस्टेरॉल खूप जास्त, सकाळी डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज, लघवीला फेस, अशी जोडी जमली तर तो चयापचयाचा प्रश्न नाही. मूत्रपिंडातून प्रथिन वाहून जात असावं. लगेच लघवीची तपासणी आणि डॉक्टर. तेल-तूप बंद करून घरी बसू नका.

ग्लोब्युलिन साधारण २ ते ३.५ ग्रॅम. ते वाढलेलं आणि बारीक ताप, वजन घटणं, खोकला किंवा सांधेदुखी असेल तर क्षयरोग किंवा रोगप्रतिकारशक्तीचा एखादा आजार शोधावा लागतो.

हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये) १ च्या आत कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर संसर्ग समजा. दोन आठवड्यांनी पुन्हा करा.

एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिन या प्रथिनाला चिकटलेली साखर. ५.७ च्या आत सामान्य, ६.४ पर्यंत मधुमेहाची पूर्वपायरी, ६.५ पासून मधुमेह. आपल्या खानदेशात हा आकडा दोन कारणांनी फसवतो. पहिलं रक्तक्षय. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना तो आढळला. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं वाढू शकतं. ५.८ आलेल्या आणि हिमोग्लोबिन ९ असलेल्या मुलीला लगेच ‘शुगर लागली’ म्हणू नका. स्थळ बघायचं चालू असेल तेव्हा तर मुळीच नाही. आधी लोह भरून काढा, मग पुन्हा तपासा.

दुसरं सिकल सेल. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात याचं प्रमाण जास्त आहे. सिकल सेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटं कमी येतं. नुसती वाहक असलेल्या मुलीतही काही मशीनवर आकडा चुकतो. या आजारात कोलेस्टेरॉलही मुळातच कमी दिसतं. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानात तपासणी होऊन कार्ड मिळालं असेल तर ते बरोबर न्या. तपासणी झालेलीच नसेल तर आधी ती करा. अशा मुलींच्या साखरेसाठी उपाशीपोटीचा आकडा आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली चाचणी यांवर भरवसा ठेवा.

## टप्पा ८ : पाच खुणा मोजा

कमर ८० सेंटिमीटर किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. एचडीएल ५० पेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, दोन्हींपैकी एक आकडा वर असला तरी धरा. उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त. पाचांतल्या तीन जुळल्या तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात आणि डॉक्टरांकडे जायला हवं. दोन जुळल्या आणि पाळी अनियमित, चेहऱ्यावर दाट केस, मान काळवंडलेली असेल तरीही जा. पीसीओएस तपासावा लागेल.

## टप्पा ९ : पुन्हा तपासणी आणि मधला काळ

एका रिपोर्टवर आयुष्यभराचा शिक्का बसू देऊ नका. ट्रायग्लिसराइड त्याच माणसात, काहीही न बदलता, पाचव्या हिश्श्यानं इकडे-तिकडे होऊ शकतं. वाढलेला आकडा दोन-तीन आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत, त्याच तयारीनं पुन्हा घ्या. जीवनशैली बदलली असेल तर तिचा परिणाम बघायला दोन-तीन महिने द्या.

त्या काळात ट्रायग्लिसराइडवर सगळ्यात जास्त परिणाम साखर आणि मैद्याचा होतो. चहातली साखर, बेकरीची खारी-टोस्ट, थंड पेयं आधी कमी करा. कळण्याची भाकरी, उडदाची आणि तुरीची डाळ, मेथी, वांगं यांना दोष देऊ नका. दोष शेवभाजीतल्या मूठभर शेवेचा आणि पुनःपुन्हा तापवलेल्या तेलाचा. घरासाठी महिन्याचं तेल मोजून आणा, माणशी दीड-दोन मोठे चमचे (टेबलस्पून) रोजचं धरून. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास चाला. अंगणात, गच्चीवर, जिथे जमेल तिथे.

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि पुढे मूल हवं असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. स्टॅटिन गर्भधारणेच्या आधी बहुधा थांबवतात, आणि ते आधी ठरवायचं असतं.

एलडीएल १९० च्या वर आलं, थायरॉईड आणि मूत्रपिंड ठीक असूनही, तर ते जन्मजात असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी तुमच्याबरोबर आई-वडील आणि सख्ख्या भावंडांचीही लिपिड तपासणी करून घ्या, लहान भाऊ शाळेत असला तरी.